पहिल्या पातीची मावशी

सोयाबीनवरच्या किडींविषयी मला आज जे काही कळतं, त्यातलं निम्म्याहून अधिक मी एका निंदणाऱ्या बाईकडून घेतलेलं आहे. उरलेलं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांतून, तिथल्या शिवारफेऱ्यांतून आणि गावात येणाऱ्या कृषी सहायकांकडून मिळालं. त्यांचे उपकार आहेतच. पण पुस्तिकेत लिहिलेलं समजायला आधी ते वावरात दिसावं लागतं, आणि दिसायला मला या मावशीनं लावलं. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेतकरी मेळाव्याला तिला कुणी बोलावत नाही, कुठल्या यादीत तिचं नाव चढत नाही. तिचं माझ्यावर जे ऋण आहे त्याची नोंद कुठंतरी असावी, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात. मी लग्न होऊन अमरावतीहून इथं आले तोवर पऱ्हाटी आणि ज्वारी मागं सरून शिवारात सोयाबीन शिरलं होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-३३५ हे वाण १९९४ साली प्रसारित झालं आणि बघता बघता विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनी त्यानं व्यापल्या. शंभरेक दिवसांत हाती येणारं, दिवाळीच्या आधी पैसा दाखवणारं पीक. सासरे थकले, हे शाळेवर नोकरीला, तेव्हा वावर माझ्याकडे आलं. मला त्यातलं काही येत नव्हतं असं नाही. माहेरी शेती होती. पण सोयाबीन हे तिथल्या जुन्या माणसांनाही नवंच पीक होतं. त्याच्या किडीही नव्या. ज्वारीच्या खोडकिड्याबद्दल सासरे तासभर बोलू शकायचे. सोयाबीनबद्दल ते गप्प असायचे.

निंदणाला बायांची टोळी यायची. टोळीत पहिली पात मावशीची. पहिली पात धरणाऱ्या बाईच्या वेगावर बाकीच्यांचा वेग ठरतो, म्हणून तिथं अनुभवी बाई लागते. मावशी हातानं भराभर खुरपायची, पण तिची नजर खुरप्याच्या पुढं दोन हात चालत असायची. मी धुऱ्यावर उभी न राहता तिच्या शेजारची पात धरायला लागले, तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिली ओळख चक्रीभुंग्याची. पीक महिन्याचं झालं होतं, चांगलं हिरवंगार, आणि मधेच एखाद्या झाडाचं एकच पान मान टाकून सुकलेलं. मला वाटलं, उन्हानं. मावशीनं ते पान देठापाशी बोटांनी उचललं.

"वहिनी, हे पाहा. याले बांगड्या भरल्या."

देठावर खरोखरच दोन बारीक चक्रं कोरलेली होती, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. मादी भुंगा देठावर किंवा खोडावर अशी दोन चक्रं कुरतडतो आणि त्यांच्या मधल्या भागात अंडं घालतो. चक्रांमुळं वर जाणारा रस तुटतो, वरचा भाग वाळतो. काही दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि देठातून खोडात, खोडातून खाली पोखरत जाते. पीक पिकायला आलं की हीच अळी झाडाला आतून गोल कापते आणि शेंगा भरलेलं झाड आडवं होतं. अळी एकदा खोडात गेली की बाहेरून मारलेलं कुठलंही औषध, रासायनिक असो की सेंद्रिय, तिच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. तिला गाठायचे दिवस मोजकेच असतात: पान मलूल झाल्यापासून अळी खोडात उतरेपर्यंत.

"खालच्या बांगडीच्या खालून मोडा. वरून मोडाल त किडा आतच राह्यते. आन् वावरात टाकू नोका, वटीत घ्या."

त्या दिवशी निंदणाबरोबर टोळीतल्या सगळ्या बायांनी सुकलेली पानं मोडून ओटीत घेतली आणि दुपारी भाकरी खायच्या वेळी धुऱ्यावर सगळी एकत्र करून जाळली. पुढं विद्यापीठाच्या पुस्तिकेत मी वाचलं की कीडग्रस्त भाग चक्रासकट, खालच्या चक्राच्या खालून तोडून नष्ट करावा. शब्दन् शब्द तेच. फरक एवढाच की पुस्तिका हे काम शेतकऱ्यानं करावं म्हणते, आणि आमच्याकडे निंदणाच्या दिवसांत सोयाबीनच्या तासातासातून चालणारं माणूस कोण असतं तर मजूर बाई. शेतकरी धुऱ्यावरून बघतो. धुऱ्यावरून सोयाबीन नेहमी छान दिसतं.

मला जे सांगायचं आहे ते इथंच आहे. सेंद्रिय कीड नियंत्रण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ड्रम येतात. दशपर्णीचा ड्रम, गोमूत्राचा ड्रम, लसूण-मिरचीचा ठेचा. हे सगळं आम्हीही करतो. पण ड्रम दुसऱ्या पायरीवर आहे. पहिल्या पायरीवर वाकून बघणारं माणूस आहे. रासायनिक औषधाचा जोर मोठा असतो, उशीर झाला तरी ते काहीतरी करतं. निंबोळी अर्काला उशीर चालत नाही, विषाणूच्या फवारणीला चालत नाही, हातानं अंडी वेचण्याला तर मुळीच चालत नाही. सेंद्रिय उपाय चालत नाहीत असं म्हणणाऱ्या पुष्कळांची वावरं मी पाहिली आहेत. तिथं उपाय वाईट नव्हता. तो आठ दिवस उशिरा आला होता, कारण आठ दिवस त्या तासांतून कुणी गेलंच नव्हतं.

२००८ चा खरीप विदर्भ-मराठवाड्यातला कुठलाही सोयाबीनवाला विसरणार नाही. तंबाखूवरील पानं खाणारी अळी, शास्त्रज्ञ जिला स्पोडोप्टेरा लिट्युरा म्हणतात, तिचा त्या साली असा उद्रेक झाला की हिरवी वावरं शिरांच्या सांगाड्यासारखी उरली. तोवर आम्हाला उंटअळी माहीत होती. पाठ उंचावून चालणारी, हिरवी, दिवसाढवळ्या पानावर दिसणारी. ही अळी वेगळी. मोठी झाली की दिवसा मातीच्या ढेकळांखाली, पालापाचोळ्यात दडून बसायची आणि रात्री वर चढायची. सकाळी वावरात जावं तर पानं खाल्लेली, आणि अळी कुठंच नाही.

मावशीनं तिला धरलं ते धुऱ्यावरच्या एरंडीवर. त्या एरंडीची गोष्टही सांगायला हवी. आमच्या धुऱ्यावर ती मावशीनंच लावलेली होती, सासऱ्यांना विचारून, काही वर्षं आधी. तुरीच्या डाळीला लावायला एरंडेल लागायचं, बी वेचून ती घरी तेल काढायची. त्या झाडांशी किडीचा काही संबंध असेल हे तिच्या किंवा आमच्या मनात नव्हतं. पण बिया वेचायला, पानं बाजूला सारायला तिचा हात रोज तिथं फिरायचा. त्या पावसाळ्यात एरंडीच्या रुंद पानाखाली तिला तपकिरी लवीचा एक ठिपका दिसला, बोटाच्या पेराएवढा. तिनं नखानं लव बाजूला केली तर खाली अंडी, मोहरीहून बारीक, दाटीनं चिकटलेली. अशा एका पुंजक्यात शेकड्यांनी अंडी असतात आणि मादी पतंग ती स्वतःच्या अंगावरच्या केसांनी झाकून ठेवते. शेजारच्या पानावर अंडी उबून गेली होती. टाचणीच्या टोकाएवढ्या अळ्या थव्यानं एकाच पानाखाली बसून हिरवा गर खरवडत होत्या. वरून ते पान जाळीच्या कागदासारखं पांढरट दिसत होतं.

"आज तोडलं त एक पान. चार दिसानं तोडाल त पाटीभर. आन् आठ दिसानं काय तोडाल?"

तिच्या या तीन वाक्यांत त्या किडीचं सगळं शास्त्र आहे. पहिले काही दिवस त्या अळ्या एका पानावर एकत्र असतात. तेवढं पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शेकडो अळ्या एका हातानं जातात. नंतर त्या पांगतात, आणि पांगल्यावर माणूस हरतं. आम्ही एरंडीची पानं रोज सकाळी चाळली, मग एरंडीजवळच्या सोयाबीनच्या तासांत तसलीच पांढरट पानं शोधली. बायांना मी निंदणाचाच रोज दिला, पण त्या दिवसांत खुरपं हातात कमी आणि पाटी जास्त होती. धुऱ्यालगतचे तास तरीही बरेच खाल्ले गेले. मधलं वावर तगलं. पीक आलं, भरघोस नाही, पण आलं. एरंडीनं सगळं वाचवलं असं मी म्हणणार नाही. त्या सालचा उद्रेक एरंडीच्या चार झाडांनी आवरण्यासारखा नव्हता. एरंडीनं आम्हाला शेजाऱ्यांच्या आधी कळवलं, इतकंच. नंतर शिवारफेरीत एका शास्त्रज्ञांकडून ऐकलं की पतंगाला एरंडी सोयाबीनहून जास्त आवडते आणि म्हणूनच तिला सापळा पीक म्हणतात. तेव्हापासून सोयाबीनच्या कडेनं एरंडी टोचणं आमच्या पेरणीचाच भाग झालं.

त्या उद्रेकानंतर, २००९ पासून, राज्यानं पिकांवरच्या किडींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. क्रॉपसॅप या नावानं तो सगळ्यांना माहीत आहे. एक तरुण कीड सर्वेक्षक आमच्या शिवारात यायला लागला. त्यानं दोन ओळींच्या मधे पांढरं फडकं अंथरून मीटरभर ओळ हलवायची आणि फडक्यावर पडलेल्या अळ्या मोजायच्या, हे दाखवलं. मीटरभर ओळीत लहान अळ्या तीन-चारच्या खाली असतील तर थांबायचं. फुलं लागायच्या आधी चौथा हिस्सा पानं गेली तरी सोयाबीन नवी पानं काढून ते भरून काढतं, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला मोठा धीर आला. शेंगा भरायच्या वेळी मात्र इतकी सूट नसते. त्यानं कामगंध सापळेही लावायला सांगितले, हेक्टरी पाच. त्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, नर पतंग येऊन अडकतात, आणि पतंग वाढले की पुढच्या आठवड्यात अंडी शोधायची हे कळतं. सापळ्यातले पतंग रोज कोण मोजणार हा प्रश्न होता. मावशीच मोजायची. तिला लिहिता येत नाही. सापळ्याच्या काठीला ती दोरा बांधायची, जितके पतंग तितक्या गाठी. सर्वेक्षक आला की तो दोरा त्याच्या हातात द्यायची आणि तो वहीत उतरवायचा.

निंबोळ्यांचं श्रेयही तिचंच. अर्क कसा करायचा ते सगळीकडं छापलेलं आहे: वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा लिटरभर पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि सगळं मिळून शंभर लिटर करायचं. हा पाच टक्के अर्क. हेक्टरी पाचशे लिटर पाणी धरलं तर पंचवीस किलो भरड लागते. हिशेब सोपा आहे. अवघड गोष्ट अशी की निंबोळ्या पिकून पडतात त्या पेरणीच्या धांदलीच्या दिवसांत आणि अर्क लागतो श्रावणात. मृगाची लगबग चालू असताना निंबोळ्या वेचायला कुणाला वेळ आहे? मावशी आणि तिच्या टोळीतल्या म्हाताऱ्या बाया, ज्यांना पेरणीत काम मिळत नाही, त्या वेचायच्या. पिवळ्या, नुकत्या पडलेल्या तेवढ्याच घ्यायच्या, गर चोळून धुवायचा, आणि बी सावलीत वाळवायचं. उन्हात वाळवलं की गुण कमी होतो, ओलं पोत्यात भरलं की बुरशी येते. प्लॅस्टिकच्या थैलीत तर भरायचंच नाही, गोणपाटच हवं. मी त्यांच्याकडून तोलून विकत घ्यायला लागले. आमच्या गावात निंबोळीला भाव आहे ही गोष्ट हळूहळू पसरली आणि मग शेजारचेही घ्यायला आले.

अर्काविषयी एक गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. संध्याकाळी फवारा. निंबोळीतला अझाडिरेक्टिन उन्हात फार टिकत नाही. आणि दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन मेलेल्या अळ्या शोधू नका. त्या लगेच मरत नाहीत. त्या खाणं सोडतात, त्यांची कात नीट पडत नाही, वाढ खुंटते, पतंगही त्या पानावर अंडी घालायला बिचकतो. दुकानातल्या औषधाची सवय झालेल्या माणसाला वाटतं, काहीच झालं नाही. अळ्यांची गणती चार दिवसांनी पुन्हा केली की काय झालं ते दिसतं. आणि मोठ्या, बोटभर लांबीच्या अळ्यांवर हा अर्क मारून फार काही होत नाही, हेही खरं आहे.

आता झडीच्या दिवसांतली ती गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त आवडते. एका पावसाळ्यात भाद्रपदाच्या तोंडाशी अळी पुन्हा वाढली होती. पाऊस थांबेना, फवारणीला उघडीप मिळेना. मी काळजीत होते. चिखल तुडवत मावशी वावरात जाऊन आली आणि ओसरीवर माझ्यापुढं तिनं एक फांदी धरली. शेंड्याच्या पानावर अळी होती, पण हलत नव्हती. पिठात घोळल्यासारखी पांढरी झालेली, कडक, पानाला घट्ट धरून मेलेली.

"अळ्यायले बुरशी लागली. आता चार दिस वावराले हात लावू नोका."

मी हात लावला नाही. पाहता पाहता शेंड्याशेंड्यावर तशा पांढऱ्या अळ्या दिसू लागल्या, मग त्या फिकट हिरव्या झाल्या. तो हिरवा रंग म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यानं, पावसाच्या थेंबांनी ते दुसऱ्या अळ्यांवर पडतात आणि साथ पसरते. या बुरशीला नोमुरिया रिलेई म्हणतात. शास्त्रज्ञांनी अलीकडं तिचं नाव मेटारायझियम रिलेई केलं आहे. ती आमच्या मातीत आपसूक असते. तिला ढगाळ, दमट हवा लागते, म्हणजे नेमकी तीच हवा ज्यात शेतकरी हवालदिल झालेला असतो. आणि तिला मारायची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे कीटकनाशकात बुरशीनाशक मिसळून एकाच पंपात मारणं, जे आमच्याकडे सर्रास चालतं. पिकाच्या रोगासाठी म्हणून मारलेलं बुरशीनाशक अळीच्या रोगालाही आवरतं. त्या चार दिवसांत उघडीप मिळून मी काही फवारलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार अजून मनात येतो.

तसंच उंटअळीचं. एकदा मावशीनं फुगलेली, वेडीवाकडी, निश्चल उंटअळी आणून दाखवली. अंगात खडबडीत उंचवटे. "हिच्यात दाणे भरले. हे मारू नोका," म्हणाली. मी ती बरणीत ठेवून तोंडाला फडकं बांधलं. काही दिवसांनी बरणीत धुळीएवढ्या गांधीलमाश्या भरल्या, मोजता येणार नाहीत इतक्या. कोपिडोसोमा नावाची ही परोपजीवी माशी यजमानाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, आणि त्या एका अंड्याचे अळीच्या पोटात शेकडो जीव होतात. मावशीला हे शास्त्र माहीत नव्हतं. तिनं इतकंच पाहिलं होतं की असल्या अळ्या असतात त्या साली उंटअळी पुढं वाढत नाही. सोंडेनं अळी भोसकून पानावर उलटी लटकवून शोषणारा कॅन्थेकोना ढेकूण तिला माहीत होता. अळीच्या अंगाला चिकटलेले पांढऱ्या कापसासारखे कोष माहीत होते. ते अळीचे नसून तिला खाणाऱ्याचे आहेत हेही. काळ्या पडून पानाला उलट्या लोंबकळणाऱ्या, हात लावला की फुटणाऱ्या अळ्या ती वेगळ्या डब्यात गोळा करायची. त्या विषाणूनं मेलेल्या असतात. कृषी विभाग ज्याला एनपीव्ही म्हणतो तोच हा विषाणू. अशा अळ्या वाटून, गाळून, थोडा गूळ आणि नीळ घालून संध्याकाळी फवारायला मी कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणात शिकले. नीळ यासाठी की विषाणूलाही ऊन सोसत नाही.

सगळंच जमतं असं मात्र नाही, आणि जे जमत नाही ते झाकून ठेवणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. खोडमाशी रोप लहान असतानाच खोडात शिरते. झाड चिरून बघितलं की आत लालसर भुयार दिसतं, तोवर उपायाची वेळ गेलेली असते. तिच्यासाठी वेळेवर पेरणी, उन्हाळ्यातली खोल नांगरट, पिकाची फेरपालट, बियाणं दाट न टाकणं, एवढंच हाती आहे. आणि पांढरी माशी पसरवते तो पिवळा मोझॅक. २०२३ साली विदर्भात त्यानं पिवळी केलेली वावरं ज्यांनी पाहिली त्यांना माझा निंबोळी अर्क पुरेसा होता असं मी सांगू शकत नाही. पिवळं पडलेलं पहिलं झाड दिसताच उपटून पुरलं तर फरक पडतो. पहिलं झाड. पुन्हा तेच, पहिलं झाड दिसायला तासात कुणीतरी असावं लागतं.

आणि तासात आता कुणी नसतं. तणनाशक आलं. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी एकदा फवारलं की निंदणाची गरज उरत नाही, खर्च वाचतो, मजूर मिळत नाहीत ही ओरड थांबते. शेतकऱ्याचं त्यात चुकतं असं मी म्हणत नाही. हिशेब त्याला तिकडे ढकलतो. पण निंदणाबरोबर शिवारातून बायांच्या टोळ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर पिकाच्या विसाव्या ते पन्नासाव्या दिवसापर्यंत प्रत्येक तासातून फिरणारे दहा-पंधरा जोडी डोळे गेले. तेच दिवस चक्रीभुंग्याचे, तेच अंड्यांच्या पुंजक्यांचे. तणनाशकाच्या हिशेबात हा तोटा कुणी धरत नाही, कारण निंदणाऱ्या बाया कीड बघतात ही गोष्टच कुणी काम म्हणून मोजली नव्हती. मग कीड दिसते ती धुऱ्यावरून दिसण्याइतकी वाढल्यावर, आणि तेव्हा तीन औषधं एकत्र करून मारण्यावाचून गत्यंतर नसतं.

ती औषधं मारायला जातात तीही याच घरांतली मुलं. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती फवारणी बहुतेक कपाशीवरची होती. पण पाठीवरचा पंप आणि तो उचलणारं माणूस, कपाशीत असो की सोयाबीनमधे, सारखंच. मावशीचा एक पुतण्या दिग्रसच्या बाजूला फवारणीच्या रोजानं जायचा. त्याला काही झालं नाही. पण त्या आठवड्यांत ती रोज त्याच्या घरी माणूस धाडायची. तिनं मला कधी सेंद्रिय शेती कर असं सांगितलं नाही. तो शब्दही तिच्या तोंडी मी ऐकलेला नाही. त्या सालानंतर ती एवढंच म्हणाली की तुमच्या वावरात आमचं लेकरू पंप घेऊन येईल तेव्हा त्यात काय हाय ते मले आधी सांगजा. मी सांगत गेले. मग सांगण्यासारखं पंपात काही राहिलं नाही.

आम्ही निंदण पूर्ण बंद केलं नाही. डवरणीनंतर एक हात निंदणाचा ठेवला आणि त्यापुढं, पिकात निंदायला काही उरत नाही तेव्हाही, दोन बायांना फक्त पाहायला बोलवायचं ठरवलं. वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून तिरपं चालायचं, फडकं अंथरायचं, एरंडी चाळायची, सापळे बघायचे, मोडायचं ते मोडायचं. हे ठरवताना मी म्हटलं, काम हलकं आहे, अर्धा रोज ठेवू. मावशीनं तेव्हा माझ्याकडं पाहिलं.

"खुरपं हातात नाई म्हून अर्धा काहून? वाकनं त तितकंच हाय. आन् डोये जास्त लागतेत."

पूर्ण रोज ठरला. तो आजही निंदणाच्या रोजाइतकाच आहे, आणि निंदणाचा वाढला की तो वाढतो. गावातले काही जण मला म्हणाले की पाहायचे पैसे देणारी तू पहिलीच. त्यांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवते: एका फवारणीचं औषध, फवारणाऱ्याचा रोज, पाणी आणायचा खर्च एका बाजूला, आणि दोन बायांचा आठवड्यातून दोनदाचा रोज दुसऱ्या बाजूला. दोघातिघांनी आता तसं सुरू केलं आहे.

मावशीच्या गुडघ्यांनी आता साथ सोडली आहे. पहिली पात तिची सून धरते. शेतीशाळेला मी तिला आग्रहानं नेलं. हजेरीच्या कागदावर सर्व्हे नंबरच्या रकान्यात तिनं माझा गट क्रमांक लिहायला लावला आणि नावापुढं स्वतःचं नाव. सून सासूपेक्षा बोलायला तडफदार आहे. पक्ष्यांना बसायला मी दरवर्षी वावरात काठ्या रोवते, हेक्टरी वीस-पंचवीस. कोतवाल आणि साळुंक्या येतात. यंदा पेरणीच्या आधीच ती घरी येऊन सांगून गेली की काठ्या वाकतात, पडतात, त्यापेक्षा सोयाबीनच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा, ताटं उभी राहिली की पाखरं त्यावर बसतात आणि कडबाही होतो. एरंडी एकाच धुऱ्यावर आहे, तीही चारी बाजूंनी हवी म्हणाली. ज्वारी मी मिसळली. एरंडीचं बी तिच्याच घरचं आणलं, त्याचे पैसे घ्यायला तिनं नकार दिला, आणि सासूनं आतून ओरडून घ्यायला लावले.